सातवं कलम

राजधानी, २ एप्रिल २०१०

प्रिय ताई,

हाताने लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस. कॅरिन आणि मुली मजेत आहेत. माझं एक काम आहे, आणि ते ऑफिसच्या ई-मेलवर नको. सरकारी ई-मेल उद्या कुणीही अर्ज करून मागू शकतं. तूही माझ्या घरच्या पत्त्यावरच लिही.

काँग्रेसने केलेल्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर गेल्या महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी सही केली, ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. आमच्या साहेबांनी, म्हणजे राज्याच्या महाधिवक्त्यांनी, त्याविरुद्ध केंद्र सरकारवर दावा लावायचं ठरवलंय. त्याचं बरंचसं लिखाण माझ्याकडे आलंय. मुद्दा साधा आहे. व्यापाराला नियम लावायचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिला आहे. पण जो माणूस आपल्या घरी गप्प बसलाय त्याला 'तू विमा विकत घे, नाहीतर दंड भर' असं सांगायचा अधिकार दिलेला नाही. आज विमा, उद्या आणखी काही. याला कुठेतरी अडवलंच पाहिजे.

अडचण एकच. केंद्राचे वकील पहिल्या दिवशी विचारणार, राज्याच्या पोटात का दुखतंय, राज्याला थोडाच विमा घ्यावा लागतो? म्हणून राज्याच्या जोडीला एक हाडामांसाचा दावेदार हवा. ज्याला विमा नाही, जो धडधाकट आहे, स्वतःच्या कष्टाचं खातो आणि कुणापुढे हात पसरत नाही असा. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुझे ऑरिनच आले. चोपन्न वर्षांचे आहेत, पण कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत.

सोबत एका पानाचं शपथपत्र आहे. त्यांनी बँकेतल्या नोटरीसमोर सही केली की झालं. पुढचं सगळं आम्ही बघू.

तुझा,
मेरिट


पाइक क्रॉसिंग, ११ एप्रिल २०१०

मेरिट,

सही झाली. पण 'की झालं' म्हणालास तितकं सोपं नव्हतं ते.

कागद आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. ऑरिनने तो चार वेळा वाचला. मीटलोफ गार झाला, मी पुन्हा गरम केला, तो पुन्हा गार झाला. पाचव्या कलमात तुम्ही लिहिलं होतंत की तो 'विंधन विहिरींच्या व्यवसायात कार्यरत' आहे. त्याने ते खोडलं आणि वर 'बोअर मारतो' असं लिहिलं. म्हणाला, असलं कार्यरत वगैरे मी आयुष्यात कधी नव्हतो. सातव्या कलमाशी मात्र तो फार वेळ थांबला. 'मी धडधाकट आहे. माझ्याकडे आरोग्यविमा नाही, मला तो नको आहे आणि मी तो घेणार नाही.' हे त्याने मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, "हे खरं आहे ना गं?" मी म्हटलं, आजच्या तारखेला तरी आहे. तर म्हणाला, "आजच्या तारखेचं काय? शपथ म्हणजे दुधाची बाटली आहे का, तारीख बघून घ्यायला?"

बँकेत युनिस म्हणाली, नुसता उजवा हात वर करा, पुरे. हा म्हणाला, तुला पुरेल, मला नाही पुरत. गाडीतून बायबल घेऊन आला, त्यावर हात ठेवून सातही कलमं वाचली आणि मग सही केली. मागे रांगेत चार माणसं ताटकळत उभी होती.

तू त्याला ओळखतोस. 'पाणी लागलं नाही तर पैसे नाहीत' असं एकदा तोंडाने बोलला की तीनशे फूट कोरडं जाऊ दे, हा रिग उचलून मुकाट घरी येणार. तुझ्या तळ्याकाठच्या घराला दोनदा कोरडं लागलं तेव्हाही तो तसाच आला होता. मी चिडते, पण या गावात त्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही, आणि मला त्याचा अभिमानही आहे.

एक विचारते, राग मानू नकोस. विम्याची सक्ती नको म्हणून भांडणारं तुमचं एवढं मोठं ऑफिस, त्यात विमा नसलेला एकही माणूस मिळाला नाही? तीनशे मैल लांब माझ्या नवऱ्यापर्यंत यावं लागलं? तुझ्या मुलींच्या दातांच्या तारासुद्धा राज्याच्या विम्यातून बसल्यात. आणि मला शाळेच्या स्वयंपाकघरात आठवड्याला एकोणतीस तासांवर काम देत नाहीत, कारण तीस झाले की शाळेच्या नियमाने विमा द्यावा लागतो. शुक्रवारी भांडी अर्धी घासून मी घड्याळाकडे बघत बाहेर पडते. हे तुमच्या घटनेत कुठे बसतं ते एकदा समजावून सांग.

सांभाळून राहा. परसातलं रुबार्ब यंदा लवकर आलंय.

आर्लिस


राजधानी, २२ जून २०१०

प्रिय ताई,

पत्रकार परिषद फार छान झाली. फोटो पाहिलास ना? साहेबांच्या शेजारी ऑरिन, मागे त्यांची रिग. सहा वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतला. आणि ती दाढी कुणाच्या डोक्यातून आली? ताई, अगदी पहिल्या वसाहतीतला माणूस दिसतो. साहेब तर फिदाच झालेत. म्हणाले, निकाल लागेपर्यंत त्यांना दाढी काढू देऊ नका. ऑरिन फार बोलले नाहीत, मान जरा एका बाजूला कलती धरून उभे होते, पण त्यामुळे फोटोला एक करारीपणा आला.

साहेबांनी त्यांना खिशात मावणारी राज्यघटनेची प्रत सही करून दिली आहे. ती सगळ्यांना देत नाहीत. सुनावणी सप्टेंबरअखेर आहे.

तुमच्यामुळे ऑफिसात माझी मान ताठ झाली. मनापासून आभार.

मेरिट


पाइक क्रॉसिंग, १८ जुलै २०१०

मेरिट,

दाढी कुणाच्या डोक्यातून आली ते सांगते. डोक्यातून नाही, जबड्याखालून.

गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. ऑरिनने बटाट्याचा एक घास घेतला आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. मी मागे गेले. घास गिळता येत नव्हता. मी त्याच्या दाढीत हात घातला. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, अक्रोडाएवढी गाठ आहे, दगडासारखी. मे महिन्यापासून आहे म्हणतो. माझ्यापासून लपवायला दाढी वाढवली, आणि तुम्ही त्या दाढीचे फोटो काढलेत. मान कलती धरली होती तीही करारीपणाने नाही. सरळ धरली की त्याला दुखतं.

मी त्याला ओढत जोलीनच्या दवाखान्यात नेलं. इथे डॉक्टर महिन्यातून दोनदा येतो, बाकी सगळं ही नर्सच बघते. तिने गाठ चाचपली आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, शहरात जाऊन तुकडा काढून तपासा, याच आठवड्यात जा, थांबू नका. मग तिने एक फॉर्म काढला. ज्यांना आधीपासून आजार आहे आणि सहा महिने विमा नाही, त्यांच्यासाठी या महिन्यापासून नवी सोय झालीय. आपलं राज्य ती चालवायला तयार नव्हतं, म्हणून केंद्रच चालवतंय. हो, त्याच कायद्याने झालीय, ज्याच्याविरुद्ध तू दावा लिहितो आहेस. जोलीन म्हणाली, ऑरिन त्यात चपखल बसतो.

ऑरिनने फॉर्म वाचला, घडी केली आणि खिशात घातला. घरी आल्यावर म्हणाला, "सही करता येणार नाही. मी सातवं कलम वाचलंय शपथेवर." तुकडा काढायलाही तयार नाही. म्हणे, डॉक्टरने कागदावर 'आजारी' लिहिलं की 'धडधाकट' म्हटलेलं खोटं होईल, आणि ते खोटं आहे हे मला माहीत असेल. सुनावणीपर्यंत थांबू. मी रडले, ओरडले, बशी आपटली. तो म्हणतो, ज्याला शब्द दिला त्याने सोडलं तरच सुटतो.

म्हणून तुला लिहिते आहे. मला तुझ्याकडून फक्त एक ओळ हवी आहे. 'ऑरिन, तुम्ही मोकळे आहात, फॉर्मवर सही करा.' एवढंच. तुझ्या सहीने. बाकी मी बघून घेईन.

आर्लिस


राजधानी, २ ऑगस्ट २०१०

प्रिय ताई,

तुझ्या पत्राने जीव कासावीस झाला. पण आधी घाबरून जाऊ नकोस. आमच्या ऑफिसात एकाला अशीच गाठ आली होती, दाढेच्या मुळाशी पू झाला होता. जोलीन शेवटी नर्सच आहे.

आता ओळीबद्दल. ऑरिन अर्थातच मोकळे आहेत. कुणी बांधलंय त्यांना? शपथपत्र म्हणजे त्या दिवशीची परिस्थिती, पुढचं वचन नव्हे, हे तू त्यांना सांग ना. माझ्या सहीचा कागद मात्र अवघड आहे. असं बघ, दावेदार आजारी आहे हे माहीत असून आम्ही त्याला पुढे केलं असा अर्थ त्यातून निघेल. केंद्राचे वकील टपलेलेच आहेत. विमा घेतला की ते म्हणणार, आता या माणसाची तक्रारच उरली नाही. आणि ज्या कायद्याविरुद्ध भांडतो त्याच कायद्याचा विमा? वर्तमानपत्रं तुटून पडतील. साहेब पुढच्या वर्षी गव्हर्नरच्या निवडणुकीची तयारी सुरू करणार आहेत.

दुसरा दावेदार आयत्या वेळी कुठून आणायचा? सुनावणीला आठच आठवडे आहेत. तोवर मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करू देत. आणि हे पत्र वाचून फाडून टाकलंस तर बरं.

तुझा,
मेरिट


पाइक क्रॉसिंग, १५ ऑगस्ट २०१०

मेरिट,

मी पत्रं लिहीत नाही. आर्लिसला हे माहीत नाही.

तिने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. ते शपथपत्र वचन नव्हे असं मला सांगायला तू तिला लिहिलंस. पण 'घेणार नाही' असं लिहिलंय त्यात, आणि मी ते बायबलवर हात ठेवून वाचलंय. तू वकील आहेस, मी नाही. म्हणून सरळ विचारतो. मी त्या फॉर्मवर सही केली तर मी खोटा ठरतो का? आणि तुझं नुकसान होतं का?

तू सही कर म्हणालास तर करीन. थांबा म्हणालास तर सुनावणीपर्यंत थांबीन. दोन्हीला माझी तयारी आहे, पण तुझ्याकडून कळू दे. कॉफी गिळताना लागतं आता. कामाला अजून जातो. हेन्सलीच्या शेतात दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं, गोडं.

सरकारने घरात घुसून हे घे ते घे म्हणू नये, हे मला पटतं. अजूनही पटतं. म्हणून सही केली. तू सांगितलंस म्हणूनही केली.

ऑरिन


राजधानी, ३० ऑगस्ट २०१०

श्री. ऑरिन व्होग्ट यांस,

आपलं १५ तारखेचं पत्र मिळालं. मी राज्याचा वकील आहे, आपला वैयक्तिक वकील नाही, त्यामुळे आपण विम्यासाठी अर्ज करावा की नाही याबाबत मला सल्ला देता येत नाही. आपलं शपथपत्र न्यायालयात दाखल आहे आणि सुनावणीच्या दिवशी ते खरं असणं अपेक्षित आहे. न्यायालयाच्या सोयीसाठी सुनावणी ९ नोव्हेंबरपर्यंत पुढे गेली आहे, याची नोंद घ्यावी.

आपल्या सहकार्याबद्दल राज्य आपलं आभारी आहे.

मेरिट होगन
सहायक महाधिवक्ता


पाइक क्रॉसिंग, १४ नोव्हेंबर २०१०

मेरिट,

तू त्याला 'श्री. ऑरिन व्होग्ट यांस' असं लिहिलंस. तू चौदा वर्षांचा असताना ज्याने तुला ट्रक चालवायला शिकवलं त्याला. ते पत्र त्याच्या कोटाच्या खिशात होतं. कोर्टात जायला कोट झटकताना मला सापडलं. मी विचारलं तर म्हणाला, "मेरिटने थांबायला सांगितलंय." मी तो कागद उलटसुलट वाचला. थांबा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, जा असंही नव्हतं. इतकं सांभाळून, हात न बरबटता लिहिलेलं पत्र मी आयुष्यात वाचलं नव्हतं. मला शिसारी आली.

मंगळवारी कोर्टात तू आमच्याकडे बघितलं नाहीस. मी मोजत होते. चार तास तुम्ही दोन्हीकडचे वकील बोललात. व्यापार, अधिकार, निष्क्रिय माणूस. न्यायाधीशाने दोनदा विचारलं, निष्क्रिय म्हणजे नक्की काय. माझ्या शेजारी तुमचा निष्क्रिय माणूस बसला होता, गळ्याला मफलर गुंडाळून. आता त्याला पातळ सूपसुद्धा चमच्याचमच्याने घ्यावं लागतं. त्याचं नाव चार तासांत एकदाही निघालं नाही. तो मात्र कुणीतरी बोलावील म्हणून सारखा उठायच्या तयारीत बसला होता, टोपी हातात धरून.

मधल्या सुट्टीत बाहेर बाकावर एक बाई भेटल्या, मिसेस ट्रॅस्क. पश्चिमेकडे त्यांची गुलाबांची रोपवाटिका आहे. छान बोलक्या आहेत. मी विचारलं, तुम्ही कशा इथे? म्हणाल्या, "मी पण शपथपत्र दिलंय ना, मे महिन्यातच. मिस्टर होगन म्हणाले, एक दावेदार आहे, पण काही अडचण आली तर तुम्ही तयार असा. माझं आपलं फाइलीतच पडून राहिलं."

मे महिन्यात, मेरिट. आणि ऑगस्टमध्ये तू मला विचारत होतास, दुसरा दावेदार आयत्या वेळी कुठून आणायचा. ती बाई माझ्यासमोर हॅम सँडविच खात बसली होती, टवटवीत, आणि मला तिच्या त्या नीट गिळण्याचासुद्धा राग आला. त्या बिचारीचा यात काय दोष?

कोर्टातून बाहेर आल्याबरोबर ऑरिनने पार्किंगमध्येच, ट्रकच्या बॉनेटवर ठेवून फॉर्मवर सही केली. चार महिने खिशात राहून तो फॉर्म घडीवर फाटला होता. जोलीनने नवा आणून भरला. विमा एक डिसेंबरपासून सुरू होईल.

त्याच्या उपचाराला पैसे जमावेत म्हणून गावाने अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पॅनकेकचं जेवण ठेवलं होतं. गल्ल्याशेजारच्या कॉफीच्या डब्यावर कुणीतरी त्याचा फोटो चिकटवला होता, तुमच्या पत्रकार परिषदेतला. ऑरिन दारातूनच परत फिरला. ज्याने कुणापुढे हात पसरत नाही म्हणून तुम्हाला सही दिली, त्याच्या नावाने गावभर डबा फिरत होता.

मला तुझ्याकडून काही नको. नाताळला येऊ नकोस.

आर्लिस


राजधानी, २५ जानेवारी २०११

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस. जोलीनकडून मला कळलं सगळं. फुप्फुसात उतरलंय असं म्हणाली.

मिसेस ट्रॅस्क यांच्याबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. मी साहेबांकडे गेलो होतो, ऑगस्टमध्ये. दावेदार बदलू या म्हटलं. ते म्हणाले, फोटो सगळीकडे ऑरिनचा गेलाय, आता रोपवाटिकेवाल्या बाईला पुढे करून लोकांना काय सांगायचं? मी पुन्हा विषय काढला नाही. मला बढती मिळायची होती त्या महिन्यात, आणि ती मिळाली. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो.

पण ताई, आपण जिंकलो. काल निकाल आला. सक्तीचं कलम घटनाबाह्य ठरलं. केंद्र अपिलात जाईल, वर अजून पायऱ्या आहेत, पण पहिली लढाई आपली. निकालाची प्रत सोबत पाठवतो. ऑरिनना वाचून दाखव. त्यांनी जे सोसलं ते वाया गेलं नाही, एवढं त्यांना कळू दे.

आणि तू मागितलेली ओळ: ऑरिन, तुम्ही मोकळे आहात. मेरिट होगन.

मला माफ कर.


पाइक क्रॉसिंग, ६ फेब्रुवारी २०११

मेरिट,

ऑरिन गुरुवारी सकाळी गेला. काल पुरलं. जमीन गोठली होती, तर हेन्सलीने आणि बाकीच्यांनी ऑरिनच्याच हत्यारांनी खड्डा खणला.

डिसेंबरमध्ये शहरातल्या डॉक्टरने तुकडा तपासला. पुढ्यात बसलेला ऑरिन आणि पडद्यावरचं चित्र असं दोन्हीकडे आळीपाळीने बघत म्हणाला, जुलैत आला असतात तर मी गाठ कापून काढली असती, महिन्याभरात कामावर गेला असतात. ऑरिन म्हणाला, "जुलैत मला जमण्यासारखं नव्हतं." डॉक्टरला वाटलं बोअरच्या हंगामाबद्दल बोलतोय.

तुझं पाकीट सोमवारी आलं. ऑरिनचा आवाज तेव्हा गेला होता, कुजबुजत बोलायचा. म्हणाला, निकाल वाच. मी वाचत बसले, अठ्ठ्याहत्तर पानं. सोमवारी वाचलं, मंगळवारी वाचलं. तो डोळे मिटून ऐकायचा. मधूनच विचारायचा, "माझं आलं का?" मी म्हणायचे, येईल. पान एकतीसवर आलं, खाली, बारीक अक्षरात, अकरावी तळटीप. तू पाठवण्याआधी वाचली होतीस का? मीच लिहिते. 'राज्याला स्वतःलाच हा दावा लावण्याचा अधिकार असल्याचं ठरल्यामुळे राज्याच्या सहदावेदाराच्या शपथपत्राचा विचार करण्याचं न्यायालयाला कारण नाही.' बस. नावसुद्धा नाही. न्यायाधीशाने त्याचा कागद उघडलाच नाही, मेरिट. ऑरिन नसता, ट्रॅस्कबाई नसत्या, कुणीही नसतं, तरी तुम्ही जिंकलात तसेच जिंकला असतात.

तो परत म्हणाला, "आलं का?" मी म्हटलं, आलं. आणि मी न्यायाधीशाच्या नावाने खोटं वाचलं. म्हटलं, ऐक. 'श्री. ऑरिन व्होग्ट हे बोअर मारतात. त्यांनी शपथेवर जे सांगितलं ते या न्यायालयाने खरं मानलं आहे.' त्याने डोळे उघडले. "बोअर मारतात, असंच लिहिलंय?" मी म्हटलं, असंच लिहिलंय. "बरं झालं," म्हणाला.

सत्तावीस वर्षांच्या संसारात मी त्याच्याशी खोटं बोलले ते हे एवढंच. आणि तेही तुझ्यासाठी बोलावं लागलं. याची मला जी किळस आहे ती साबणाने जात नाही.

तुझी ओळ मी त्याला वाचून दाखवली नाही. सहा महिने उशिरा आलेली ओळ ऐकवून त्याला काय सांगणार होते मी? की मेरिटला ती लिहिता येत होती? तो जाईपर्यंत समजत होता की तुझा नाइलाज होता. तेवढं मी त्याच्याजवळ राहू दिलं. तुझ्यावर दया म्हणून नाही. माणसावर टाकलेला विश्वास फुकट गेला हे समजून त्याने जाऊ नये म्हणून.

तुझा तो दावा खरा असेल, खोटा असेल, मला त्यातलं कळत नाही. ऑरिनला तो पटला होता, आणि ऑरिन मूर्ख नव्हता. मला कायद्याची किळस नाही, दाव्याचीही नाही. साहेबाचं तोंड मला कधी बघायचं नाही, पण तोही परका माणूस. तू माझ्या हातचं खाऊन मोठा झालास. पाच महिने तुझ्या टेबलाच्या खणात एक बाई तयार होती आणि तू तिचं नाव माझ्यापासून लपवलंस. मला गुळण्या करायला सांगितल्यास.

सोबत दोन वस्तू परत पाठवते. साहेबाच्या सहीची खिशातली राज्यघटना. ऑरिनने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली होती, पेन्सिलीने खुणा करून. खुणा मी खोडल्या आहेत, त्या माझ्या आहेत. आणि तुझी ती ओळ.

तिसरा एक कागद आहे, तो मीच तयार केलाय, तुझ्या नमुन्यावरून. शपथपत्र आहे, सात कलमांचं. पहिल्यात तुझं नाव आणि हुद्दा आहे. दुसऱ्यात लिहिलंय की एप्रिल महिन्यात तू स्वतःहून ऑरिनला दावेदार व्हायला सांगितलंस. तिसऱ्यात, मे महिन्यात दुसरी दावेदार तुझ्या हाताशी होती. चौथ्यात, वीस जुलैच्या सुमारास गाठीचं तुला माझ्या पत्राने कळलं. पाचव्यात, ऑरिनने तुला सरळ प्रश्न विचारला आणि त्याचं पत्र तू वाचलंस. सहाव्यात, तुला बढती मिळाली ती तारीख मोकळी ठेवली आहे, ती तू भर. यातलं काही खोटं असेल तर खोडून तुझ्या शब्दांत लिही, ऑरिननेही तसंच केलं होतं.

सातवं कलम मी कोरं ठेवलंय. तिथे तू एक ओळ लिहायची आहेस, मी मागितलेली ती ओळ तू वेळेवर का लिहिली नाहीस त्याची. वकिलासारखी नाही, माणसासारखी.

हा कागद मला टपालाने नको. तू इथे ये आणि युनिससमोर सही कर, बायबलवर हात ठेवून, सातही कलमं मोठ्याने वाचून. मागे रांग असली तरी. त्यानंतर घरी येऊन जेवायचं असेल तर ये, त्याआधी माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.

बँक शनिवारी बारापर्यंत उघडी असते.

आर्लिस